जीआयवरचा रंग का सुटतो आणि तो टिकवायचा कसा: नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

पुण्यात कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या गच्चीवर जीआय पाइपचं, म्हणजे जस्ताचा थर चढवलेल्या लोखंडी पाइपचं, रेलिंग होतं. काळा एनॅमल, दुसरा पावसाळा नुकताच सरलेला. एका जागी फुगा आला होता, तिथे मी नखाने कड उचलली आणि हलकेच ओढली, तर चिकटपट्टी निघावी तसा वीतभर रंग सलग हातात आला. पोपडा उलटा करून पाहिला. आतल्या अंगाला लाल प्रायमर जसाच्या तसा होता आणि त्यावर पिठीसारखी पांढरी भुकटी. खालचा पाइप स्वच्छ, करडा, बोटाला किंचित बुळबुळीत लागणारा. गंजाचा ठिपकाही नव्हता. रंग चांगल्या कंपनीचा होता, दोन हात नीट दिले होते, पेंटरचा हातही बसलेला होता. ते काम आमच्याच वर्कशॉपमधून गेलेलं होतं.

त्या पोपड्यामुळे माझी कामाची पद्धत बदलली. रंग जस्ताला धरून बसतो असं आपण समजतो. खरं तर जस्ताच्या अंगावर जे काही बसलेलं असतं, त्याला तो धरतो. तेल असेल तर तेलाला, पांढरी भुकटी असेल तर भुकटीला. म्हणून डबा उघडण्याआधी त्या अंगावर काय आहे ते ओळखायचं, नको ते काढायचं आणि रंगाला धरायला काहीतरी पक्कं तयार करायचं. भोसरी, तळवडे, चाकण भागात फॅब्रिकेशनला किंवा पेंट शॉपला नव्याने लागलेल्या मुलांना मी हेच दाखवतो. तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

पोपड्याखाली काय घडलं होतं

आपल्याकडे लोखंड म्हटलं की हात आपोआप रेड ऑक्साइडच्या डब्याकडे जातो. साध्या एमएसवर, म्हणजे जस्त नसलेल्या माइल्ड स्टीलवर, ते ठीक आहे. पण बाजारात मिळणारा नेहमीचा रेड ऑक्साइड प्रायमर आणि वरचा एनॅमल हे दोन्ही अल्किड जातीचे, म्हणजे तेलापासून बनलेल्या रेझिनचे असतात. जस्त ओलाव्यात आलं की त्यावर अल्कलीसारखी वागणारी संयुगं तयार होतात. ती त्या रेझिनला फोडतात आणि सुट्या झालेल्या स्निग्धाम्लांशी जस्ताचा संयोग होऊन साबण बनतो. तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की साबण होतो हे आपल्याला माहीत आहे, तीच गोष्ट इथे रंगाखाली घडते. रंग आणि धातू यांच्या मधोमध साबणाचा पातळ थर येतो आणि पकड संपते. माझ्या बोटाला लागलेला बुळबुळीतपणा त्याचाच होता. वरून रंग चकचकीत दिसत असतो, आतून तो कधीच सुटलेला असतो.

इथपर्यंत नुकसान फक्त दिसण्याचं वाटेल. खरं नुकसान पुढे होतं. उघड्या हवेतलं जस्त भिजतं, वाळतं, पुन्हा भिजतं. या चक्रात हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यावर जस्ताच्या कार्बोनेटचा घट्ट, पाण्यात न विरघळणारा थर बसतो. जीआय इतकी वर्षं टिकतं ते त्या थराच्या जोरावर. सुटलेल्या रंगाखाली पाणी शिरतं पण वाळत नाही, हवा खेळत नाही, कार्बोनेट तयार होत नाही. त्याऐवजी मऊ, पांढरा, फुगणारा गंज वाढत राहतो आणि रंगाला आणखी वर ढकलतो. म्हणून मी ठामपणे सांगतो: नीट तयारी करायला वेळ किंवा पैसे नसतील तर जीआय तसंच उघडं ठेवा. सुटलेला रंग त्याच्यासाठी घातक आहे.

याउलट रंग नीट बसला तर दोघं एकमेकांना सांभाळतात. रंग जस्ताला पाऊस-हवेपासून झाकतो. रंगाला ओरखडा गेला तर तिथे जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवतं, कारण विद्युतरासायनिक क्रमात ते लोखंडापेक्षा आधी झिजणारं आहे. शिवाय जस्ताचा गंज लोखंडाच्या गंजाइतका फुगत नाही, त्यामुळे ओरखड्याच्या कडेने रंग उचलत नेण्याचा त्याचा वेगही कमी असतो. या जोडीला डुप्लेक्स म्हणतात. नुसत्या जस्ताचं आयुष्य आणि नुसत्या रंगाचं आयुष्य यांची बेरीज केली, तर जोडीचं आयुष्य साधारण त्या बेरजेच्या दीड ते सव्वादोन पट मिळतं, असं या क्षेत्रात धरलं जातं. पण ही पट पकड पक्की असली तरच.

पहिली पायरी: समोर काय आहे ते ओळखा

जीआय हा एकच शब्द आपण चार वेगळ्या वस्तूंना वापरतो.

पहिलं, हॉट डिप. तयार झालेला जॉब, म्हणजे वस्तू, साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला. विजेच्या मनोऱ्याचे अँगल, रस्त्याकडेचे क्रॅश बॅरियर, मोठी स्ट्रक्चर. जाड पोलादावर इथे चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त सहज असतं, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दुसरं, जीपी पत्रा, म्हणजे आधीच जस्त चढवलेला सपाट पत्रा, आणि त्याच पत्र्याच्या पट्टीपासून वळवून केलेला प्री-गॅल्व्ह पाइप. सोसायट्यांच्या रेलिंगला, शेडला बहुतेक हाच असतो. इथे १२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) लिहिलेलं असेल तर ते दोन्ही बाजूंचं मिळून असतं. एका बाजूला ६० ग्रॅम, म्हणजे जेमतेम साडेआठ मायक्रॉन. २७५ जीएसएम असेल तर एका बाजूला १९ मायक्रॉनच्या आसपास. तिसरं, इलेक्ट्रोप्लेटेड झिंक, म्हणजे नट-बोल्ट, छोटे ब्रॅकेट. थर पातळ आणि त्यावर बहुधा पिवळं किंवा निळसर पॅसिव्हेशन, म्हणजे जस्त पांढरं पडू नये म्हणून दिलेला रासायनिक थर. चौथं, गॅल्व्हअनील. यात पत्रा जस्तातून काढल्यावर पुन्हा तापवतात, त्यामुळे थरात साधारण दहा टक्के लोखंड मिसळतं. रंग मळकट करडा, चमक नाही, स्पर्श खरखरीत. हा पत्रा रंगाला मुळातच चांगला धरतो, म्हणूनच गाड्यांच्या बॉडीसाठी तो वापरतात.

हे आकडे पाठ ठेवायचं कारण सांगतो. आयएसओ १२९४४ मानकातल्या सी३ वर्गात, म्हणजे शहरी-औद्योगिक मध्यम हवेत, जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं असं धरलं आहे. साध्या पोलादाचा तोच आकडा २५ ते ५० मायक्रॉन आहे. आता समजा साडेआठ मायक्रॉनच्या पाइपला तुम्ही ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क लावून "छान पकड येऊ दे" म्हणून घासलं आणि चार मायक्रॉन उडवले. पकड आली खरी, पण पाइपची कित्येक वर्षं तुम्ही पाच मिनिटांत धुळीत घालवलीत. हॉट डिपच्या ८५ मायक्रॉनवर जे चालून जातं, ते प्री-गॅल्व्हवर चालत नाही.

पुढचा प्रश्न वयाचा. टाकीतून निघाल्यावर पहिले एक-दोन दिवस जस्त जवळजवळ नितळ असतं: गुळगुळीत, चकचकीत, त्यावर ऑक्साइड नगण्य. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांपर्यंतचा काळ सगळ्यात फसवा. त्यावर ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइडची सैल भुकटी असते, डोळ्यांना नीट दिसतही नाही. काळा कापडी बोळा कोरडाच जोरात घासून पाहा, पांढरट करडा डाग आला की समजायचं. वर्ष-दोन वर्षं मोकळ्या हवेत पावसात राहिलेला जॉब मात्र एकसारखा मळकट करडा होतो. त्यावर कार्बोनेट घट्ट बसलेलं असतं, थोडं खरबरीत असतं आणि रंगाला ते उत्तम. असा जॉब साध्या पाण्याच्या दाबाने धुवून, वाळवून रंगवता येतो. तो घासून पुन्हा चकचकीत करू नका. निसर्गाने दोन वर्षं घेऊन बसवलेली पकड तुम्ही काढून टाकाल.

मोरचुदाची चाचणी

आता ओळखीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. पत्रा किंवा जॉब वाहतुकीत, गोदामात पांढरा पडू नये म्हणून गॅल्व्हनायझर, म्हणजे जस्त चढवून देणारा, शेवटी त्यावर क्रोमेटचं पॅसिव्हेशन करतो. त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्या गुणाने ते पाण्याला जस्ताशी भिडू देत नाही, त्याच गुणाने ते फॉस्फेटला, वॉश प्रायमरला आणि रंगालाही भिडू देत नाही. आणि हॉट डिप किंवा जीपीवर हा थर सहसा डोळ्याला दिसत नाही.

त्यासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) घ्या, कृषी केंद्रात मिळतं. १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम विरघळवा, दोन-चार थेंब सौम्य आम्लाचे घाला. जॉबवर रुपयाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने घासा. त्या घासलेल्या जागी एक थेंब आणि शेजारी न घासलेल्या जागी एक थेंब, दोन्ही एकाच वेळी टाका. घासलेल्या जागेवरचा थेंब बघता बघता काळा पडतो, कारण तिथे जस्त उघडं आहे आणि तांबं त्यावर बसतं. शेजारचाही लगेच काळा पडला तर पॅसिव्हेशन नाही. तो निळाच राहिला, हळूहळू कडेने काळवंडला, तर वर क्रोमेट आहे असं धरा. त्या जागा नंतर स्वच्छ धुवा, तांब्याचा अंश जस्तावर राहू देऊ नका. दोन मिनिटांची ही चाचणी नवा माल आला की प्रत्येक लॉटवर करा. मी आजही करतो.

क्रोमेट निघालं तर ते घासून किंवा हलक्या स्वीप ब्लास्टने (बारीक ग्रिटच्या कमी दाबाच्या माऱ्याने, पुढे सांगितलं आहे) काढावं लागतं. कोरडं घासू नका, ओलं घासा. क्रोमेटमधल्या सहा संयुजेच्या क्रोमियमची धूळ कर्करोगाला कारण ठरते हे सिद्ध झालेलं आहे. मास्क, हातमोजे हवेतच आणि ते पाणी गटारात जाता कामा नये.

याहून चांगला उपाय म्हणजे ही वेळच येऊ न देणं. जॉब हॉट डिपला पाठवताना चलनावर ठळक लिहा: "यावर रंग होणार आहे. पॅसिव्हेशन करू नये. पाण्यात क्वेंच न करता हवेत थंड करावे. थेंब आणि टोकं साफ करून द्यावीत." तोंडी सांगितलेलं पाळीत विसरलं जातं, चलनावरचं राहतं. हवेत थंड करायला का सांगायचं? क्वेंच टाकीच्या पाण्यावर तेलकट तवंग असू शकतो आणि त्याच पाण्यात अनेकदा पॅसिव्हेशनचं रसायन घातलेलं असतं. मग जॉब आल्यापासून जमलं तर दोन दिवसांत तयारी करून प्रायमर मारा. पावसाळ्यात असा ताजा, बिनपॅसिव्हेशनचा माल ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवू नका. एकावर एक रचलेल्या ओल्या पत्र्यांमध्ये चार दिवसांत पांढरा गंज धरतो. मध्ये लाकडी पट्ट्या घाला, थोडा उतार द्या, वारा फिरू द्या.

दुसरी पायरी: तेल आणि भुकटी काढा

क्रम चुकवू नका. आधी तेल, मग घासणं. उलटं केलंत तर तेल पॉलिश पेपरने जस्तात रगडलं जातं आणि मग निघत नाही.

थिनरच्या चिंधीने पुसणं ही आपल्याकडची सवय आहे. पहिली चिंधी तेल उचलते, दुसऱ्यांदा तीच चिंधी ते तेल पुढच्या पाइपवर पसरते. थिनर वापरायचाच तर एका चिंधीने लावा, दुसऱ्या कोरड्या चिंधीने लगेच टिपा आणि दोन्ही सारख्या बदलत राहा. पण जास्त जॉब असतील तर अल्कलाइन क्लीनर बरा. जस्त हा दोन्हीकडून खाल्ला जाणारा धातू आहे. आम्लही त्याला खातं, तीव्र अल्कलीही खाते. क्लीनरचा पीएच ११ ते १२ च्या दरम्यान ठेवा, १३ च्या वर कधीच नको. म्हणजेच कॉस्टिकचं घट्ट द्रावण नको आणि फरशी धुवायचं ॲसिड तर अजिबात नको. पांढरा गंज ॲसिडने झटकन जातो हे खरं, पण त्याच्याबरोबर जस्तही जातं आणि सांध्यांत अडकलेलं क्लोराइड पुढे रंगाखाली गंज सुरू करतं. पांढऱ्या गंजासाठी एक-दोन टक्क्यांचं अमोनियाचं पाणी आणि नायलॉनचा ताठ ब्रश घ्या. लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण जस्तात रुततात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उठतात.

शेवटी भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि धुताना नीट पाहा. पाणी जॉबवर सलग, काचेवरच्या पातळ पदरासारखं पसरून खाली उतरलं तर तो स्वच्छ. मध्येच फाटून थेंब-थेंब झालं, अळूच्या पानावर होतं तसं, तर तिथे तेल आहे. पुन्हा धुवा. या चाचणीला पैसे लागत नाहीत आणि ती कधी खोटं बोलत नाही. धुतल्यावर उघड्या हाताने जॉब धरू नका, घामाची आणि तेलाची बोटं उमटतात.

तिसरी पायरी: रंगाला धरायला जागा द्या

ताजं जस्त काचेसारखं गुळगुळीत असतं. पकड दोन रीतींनी आणता येते, घासून किंवा रसायनाने. मोठ्या कामात दोन्ही.

छोट्या कामाला, विशेषतः प्री-गॅल्व्हला, १८० नंबरचा पेपर किंवा नायलॉनचं स्कफ पॅड पुरे. चमक गेली आणि एकसारखा मंद करडेपणा आला की थांबा. मोठ्या हॉट डिप जॉबला स्वीप ब्लास्ट करतात. ते नेहमीचं ब्लास्टिंग नव्हे. बारीक, धातूचा नसलेला ग्रिट, कमी दाब, नोझल ३० ते ६० अंशांत तिरका आणि हात झाडूसारखा सतत पुढे सरकता. वरचा शुद्ध जस्ताचा पदर खालच्या पोलादापेक्षाही मऊ असतो, त्यामुळे एका जागी हात थांबला की थर उडालाच. दहा मायक्रॉनपेक्षा जास्त जस्त जाता कामा नये. आधी आणि नंतर मायक्रॉन मीटर लावून आकडे लिहून ठेवा. स्वीपनंतर जस्त उघडं आणि उतावळं असतं, त्याच दिवशी प्रायमर हवा, पावसाळी हवेत तर तासाभरातच.

रसायनांमध्ये नवख्याने तीन नावं ओळखावीत. पहिलं टी-वॉश. फॉस्फोरिक आम्लात तांब्याचा क्षार असतो. ताज्या जस्तावर लावलं की ते काळं पडतं आणि काळं पडणं हीच काम झाल्याची खूण. जिथे काळं पडलं नाही तिथे तेल किंवा पॅसिव्हेशन राहिलेलं आहे. जुन्या, कार्बोनेट बसलेल्या जॉबवर मात्र ते वापरू नका. दुसरं वॉश प्रायमर, काही जण एच (etch) प्रायमर म्हणतात. पॉलिव्हिनाइल ब्युटिरल रेझिन आणि फॉस्फोरिक आम्ल असं दोन डब्यांचं हे प्रायमर असतं. याचा थर वाळल्यावर ८ ते १३ मायक्रॉनच हवा, खालचं जस्त त्यातून अंधुक दिसलं पाहिजे. "प्रायमरच आहे, दोन हात मारू" म्हणून जाड मारलं तर तो थर आतूनच चिरतो आणि वरचा सगळा रंग घेऊन निघतो. आणखी एक: वॉश प्रायमरमध्ये उरलेल्या आम्लाने काही टू-पॅक, म्हणजे दोन डबे मिसळून वापरायच्या, एपॉक्सींचा हार्डनर बिघडतो. दोन्ही डब्यांच्या डेटाशीट एकत्र वाचल्याशिवाय एकावर एक मारू नका.

तिसरं फॉस्फेटिंग, म्हणजे रसायनात बुडवून धातूवर फॉस्फेटचा थर बसवणं, आणि यावर थोडं थांबायला हवं. पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची कोरडी पावडर मारून ओव्हनमध्ये भाजायच्या कामाला, गेलात की "सेव्हन टँक" हा शब्द पहिल्याच दिवशी कानावर येईल. डीग्रीसिंग, पाणी, डीरस्टिंग, पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, पॅसिव्हेशन अशा सात टाक्या. हा क्रम एमएससाठी बांधलेला आहे. तिसरी टाकी आम्लाची असते, लोखंडाचा गंज काढायला. भोसरीतल्या एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये मी जीआयचे ब्रॅकेट एमएसच्या जॉबबरोबर एकाच बास्केटमध्ये त्या टाकीत उतरताना पाहिले आहेत. बास्केट बुडताच पाणी सोड्याच्या बाटलीसारखं फसफसलं, बुडबुड्यांचा फेस वर आला. ते हायड्रोजनचे बुडबुडे होते आणि प्रत्येक बुडबुड्यामागे जस्त विरघळत होतं. वर आले तेव्हा ब्रॅकेट काळपट झालेले. पावडर त्यावर सुंदर बसली, पॅकिंग होऊन गेले. ग्राहकाने जस्ताचे पैसे मोजले होते आणि त्याला मिळालं जवळजवळ उघडं पोलाद. म्हणून जीआयचा जॉब वेगळ्या बास्केटमध्ये घ्या आणि दुसऱ्या टाकीतून थेट फॉस्फेटिंगला न्या. फॉस्फेटही जस्ताला चालणारं झिंक फॉस्फेट घ्या. साध्या आयर्न फॉस्फेटचा थर जॉबमधल्याच लोखंडातून बनतो, वर जस्त असेल तर त्याला लोखंड मिळणार कुठून? शेवटच्या पॅसिव्हेशन टाकीबद्दल गोंधळ होऊ देऊ नका. ती फॉस्फेटच्या थराची भोकं बुजवणारी असते, गॅल्व्हनायझरच्या क्रोमेटपेक्षा तिचं काम वेगळं.

हॉट डिपवर पावडर मारताना आणखी एक अडचण येते. ओव्हनमध्ये १८० ते २०० अंशांना जस्ताच्या थरात अडकलेला वायू बाहेर पडतो आणि पावडरला टाचणीएवढी भोकं पाडतो. उपाय सोपा आहे: पावडर मारण्याआधी जॉब क्युरिंगच्या (पावडर भाजून पक्की होण्याच्या) तापमानापेक्षा थोडा वर तापवून घ्या, वायू निघून जाऊ द्या, मग थंड करून पावडर मारा.

टाक्यांचं आणि धुण्याचं पाणी आमच्या भागातून उतरून शेवटी इंद्रायणीला किंवा पवनेला मिळतं. जस्त, फॉस्फेट, क्रोमियम सगळं त्यात असतं. उदासीन करून, गाळ बसवून, अधिकृत विल्हेवाटीलाच द्या. मालक टाळाटाळ करत असेल तरी तुम्ही नळी नाल्यात सोडू नका.

चौथी पायरी: प्रायमर आणि वरचे हात

बाहेरच्या, टिकाऊ कामाला माझी निवड ठरलेली आहे: झिंक फॉस्फेट असलेलं टू-पॅक एपॉक्सी प्रायमर आणि वर ॲलिफॅटिक पॉलियुरेथेन. नुसत्या एपॉक्सीवर थांबू नका, उन्हात त्याची पावडर होते. घरगुती ग्रिलला एवढा खर्च परवडत नसेल तर डब्यावर जस्तासाठी किंवा जीआयसाठी असं स्पष्ट लिहिलेलं ॲक्रिलिक पाण्याचं प्रायमर घ्या आणि वर ॲक्रिलिकच. "ऑल मेटल" एवढंच लिहिलं असेल तर दुकानदाराकडून डेटाशीट मागा. अल्किड असेल तर परत ठेवा, कितीही स्वस्त असो.

टू-पॅक मिसळताना प्रमाण अंदाजाने नको, मापाने. मिसळल्यावर डब्यावर सांगितलेली मिनिटं थांबा आणि पॉट लाइफ (मिसळलेला रंग वापरण्याजोगा राहतो तो वेळ) संपल्यावर थिनर घालून पातळ करून ओढू नका, तो रंग मेलेला असतो. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधला आयसोसायनेट श्वासातून गेला तर दमा लागू शकतो. स्प्रे मारताना कापडी रुमाल उपयोगाचा नाही, डब्यावर सांगितलेलाच रेस्पिरेटर लावा.

पुण्याची हवा हिशेबात धरा

जॉबचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २१ च्या आसपास येतो, म्हणजे पत्रा २४ च्या वर हवा. जून ते सप्टेंबर उघड्यावर रंगकाम घेऊच नये असं माझं मत आहे. पण पावसाळ्यापेक्षा जास्त कामं मी नोव्हेंबर ते जानेवारीत बिघडलेली पाहिली आहेत, कारण पाऊस नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो. रात्री निरभ्र आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्यावर दव धरतं. सकाळी आठला डोळ्याला कोरडा दिसतो, हात फिरवला तर गार ओल लागते. साडेनऊ-दहाशिवाय ब्रश हातात घेऊ नका आणि संध्याकाळी पाचनंतर शेवटचा हात मारू नका. एप्रिल-मेमध्ये उलटं. दुपारी पत्र्यावर हात ठेववत नाही, तेव्हा मारलेला रंग वरून लगेच सुकतो, आत थिनर अडकतो आणि फोड येतात. त्या दिवसांत सकाळची वेळ साधा.

वेल्डिंगच्या जागा

जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्डिंगची उष्णता त्याच्या कितीतरी वर. त्यामुळे सांध्यावर आणि दोन्ही बाजूंना बोटभर पट्ट्यात जस्त उरत नाही. सगळं रेलिंग टिकतं आणि सांधे गंजतात ते यामुळे. आपल्याकडे त्यावर चंदेरी रंग मारून द्यायची पद्धत आहे. तो ॲल्युमिनियमचा रंग, दिसायला जस्तासारखा, संरक्षण जस्ताचं नाही. स्लॅग आणि जळका भाग चकचकीत लोखंडापर्यंत घासा आणि वाळलेल्या थरात ९० टक्क्यांच्या वर जस्त असलेला झिंक-रिच रंग द्या, मग प्रायमर. जस्ताचा पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नका, त्याने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. दूध प्यायलं की चालतं असं वेल्डर सांगतात, त्याने काही होत नाही. वेल्डिंगच्या आधी त्या भागावरचं जस्त घासून काढा, मोकळ्या हवेत किंवा पंख्याच्या झोतात काम करा, मास्क लावा.

रंग धरला का, हे तपासणं

पूर्ण क्युअर झाल्यावर, म्हणजे टू-पॅकला साधारण सात दिवसांनी, क्रॉस कट करा. सहसा नजरेत न येणारी जागा निवडा. जस्तापर्यंत जाणाऱ्या सहा रेघा आणि त्यांना काटकोनात सहा रेघा मारा. एकूण थर ६० मायक्रॉनच्या आत असेल तर रेघांत १ मिलिमीटर, १२० पर्यंत २ मिलिमीटर अंतर. ब्रशने झाडा, चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर उत्तम. पट्टीवर आलेले चौकोन उलटे करून पाहा, ते कुठून सुटले ते महत्त्वाचं. मागे पांढरी भुकटी असेल तर सफाई चुकली, चकचकीत स्वच्छ असेल तर तेल किंवा क्रोमेट, दोन रंगांच्या मधून सुटलं असेल तर जस्ताचा दोष नाही, दोन हातांमधला वेळ चुकला. तपासलेली जागा लगेच दुरुस्त करा.

मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याच्या चाचणीत रंग किती तास टिकला यावर फार विसंबू नका. त्या चाचणीच्या पेटीत जॉब सतत ओला राहतो, वाळत नाही, जस्ताला कार्बोनेट बनवायची संधीच मिळत नाही. एकाच जॉबच्या दोन लॉटची तुलना करायला ती ठीक आहे, पण तिथले तास म्हणजे पुण्यातली वर्षं असं गणित होत नाही.

आणि आधीच सुटलेलं काम आलं तर

कोथरूडचं ते रेलिंग आम्ही नंतर स्वखर्चाने करून दिलं. सुटलेला रंग खरवडून काढला आणि "बाकीचा घट्ट आहे" म्हणून ठेवला नाही, कारण साबण तिथेही तयार होत असतोच. अल्किडचा अंशही ठेवायचा नाही. रंग काढायच्या जेलने नरम करून प्लास्टिकच्या खरवडणीने काढला, धातूची पट्टी जस्ताला ओरखडते. मग अमोनियाच्या पाण्याने भुकटी काढली, पाणी सलग उतरेपर्यंत धुतलं, स्कफ पॅड फिरवलं, सांध्यांना झिंक-रिच, मग एपॉक्सी, मग पॉलियुरेथेन. आठ दिवस लागले, त्यातले सहा रंगाआधीचे.

काम दिल्यावर पहिला पावसाळा संपला की एक फेरी मारा. पाइप जिथे फरशीत रोवलेला आहे ते बूड, आडव्या पट्टीची खालची कड आणि वेल्डचे सांधे एवढंच पाहायचं. तिथे बोटाने दाबून बघा. फुगा लागला, तर तेवढाच भाग ब्लेडने कापून उघडा, पोपडा उलटा करा आणि मागे काय लागलं आहे ते वहीत लिहून ठेवा.